कोयता दिसतो, काठी दिसत नाही

पुण्यात २०२२ च्या अखेरीस ‘कोयता गँग’ हा शब्द बातम्यांत आला आणि बघता बघता राज्यभर पसरला. आता कुठल्याही शहरातल्या वस्तीत दोन टोळक्यांची भांडणे झाली की मथळा ठरलेला असतो: ‘कोयता गँगची दहशत’. आधी सीसीटीव्हीचा व्हिडिओ फिरतो. मग पोलीस पोरांना पकडतात, ज्या चौकात त्यांनी धिंगाणा घातला त्याच चौकातून त्यांची धिंड काढतात आणि त्याचाही व्हिडिओ फिरतो. पकडलेल्या पोरांची नावे वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो, कारण त्यात आपल्याही वस्तीची आडनावे असतात.

दुसरीकडे नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात १ जून २०२३ रोजी एका बौद्ध तरुणाचा खून झाला. लग्नाच्या वरातीत तलवारी-खंजीर नाचवले जात होते. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग मनात धरून त्याला भोसकले, असे फिर्यादीत म्हटले आहे. त्या तलवारींवरून ‘तलवार गँग’ असा शब्द मात्र कुठल्या मथळ्यात रुजला नाही.

हत्यार एकच असले तरी कोणाच्या हातातले दिसते आणि कोणाच्या हातातले दिसत नाही, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. हिंसेच्या प्रत्येक प्रकाराचे आपले एक हत्यार असते आणि त्या हत्यारामागे जात, पैसा, घरातली सत्ता किंवा वर्दी उभी असते. समाज आणि पोलीस त्यातल्या एकाच हत्याराकडे बोट दाखवत असतील, तर आपल्या तरुणांना आणि कार्यकर्त्यांना बाकीचीही ओळखता आली पाहिजेत.

गुन्हा बदलला की हत्यार बदलते

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यात महाराष्ट्रातले २,२९५ होते. कारणांमध्ये सर्वात वर होते ‘वाद’: ९,९६२ खून. त्याखाली वैयक्तिक सूड ३,७६१ आणि आर्थिक लाभासाठी केलेले १,८८४. म्हणजे तीनातला एकाहून जास्त खून बांधावरून, पाण्यावरून, उधारीवरून, घरातल्या किंवा गल्लीतल्या भांडणातून झाला.

भांडणात माणूस जवळ असेल ते उचलतो. शेतात कुऱ्हाड, विळा, फावड्याचा दांडा. घरात चाकू, वरवंटा, सरपण. रस्त्यावर दगड, फरशीचा तुकडा, लोखंडी गज. ठरवून, पैसे देऊन केलेल्या खुनात पिस्तूल येते. दरोड्यात हत्यार धाक दाखवायला असते, ते चालवावे लागेलच असे नाही. लैंगिक अत्याचारात बहुतेक वेळा हत्यार लागतच नाही, कारण ओळख, नाते आणि भीती एवढे पुरेसे ठरते.

बंदुका सहज मिळणाऱ्या देशातही हे चित्र गुन्ह्यागणिक बदलते. अमेरिकेच्या एफबीआयच्या २०१९ च्या आकडेवारीत खुनांपैकी ७३.७ टक्के बंदुकीने झाले, पण लुटमारीत बंदुकीचे प्रमाण ३६.४ टक्के आणि गंभीर हल्ल्यांत २७.६ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासानुसार २०१७ मध्ये जगातल्या खुनांपैकी ५४ टक्के बंदुकीने आणि २२ टक्के धारदार हत्याराने झाले. म्हणून ‘हत्यारांवर बंदी आणा म्हणजे गुन्हे थांबतील’ असे कोणी म्हणाले, तर पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या गुन्ह्याचे हत्यार?

कोयता: फडातून रीलपर्यंत

कोयता हा शब्द आपल्या माणसांना नवा नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. माणसाची ओळख अवजारापुरती करून टाकणारी ही भाषा आहे. त्या फडांवर राबणाऱ्यांत भटके आहेत, ओबीसी आहेत आणि आपलेही लोक मोठ्या संख्येने आहेत. बापाच्या हातात जो कोयता पोट भरण्यासाठी होता, तोच शहरातल्या मुलाच्या हातात ‘भाईगिरी’चा झाला. मधल्या काळात त्या मुलाच्या वाट्याला अर्धवट सुटलेली शाळा, बंद पडलेला कारखाना, रोजंदारीचे काम आणि मोबाईल आला.

कोयता टोळक्यांत का आला, याची कारणे साधी आहेत. तो स्वस्त आहे, अवजारांच्या दुकानात मिळतो आणि बाळगणारा म्हणू शकतो की शेतीचे अवजार आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येतच केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्रा’तून वगळल्या आहेत. तलवार, खंजीर, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे परवान्याच्या कक्षेत येतात, पण शेतीचे अवजार म्हणून बनवलेल्या कोयत्याला तो नियम सरसकट लावता येत नाही. म्हणूनच २०२३ मध्ये पुणे पोलिसांनी दुकानदारांना आधार कार्ड पाहूनच कोयता विकण्यास सांगितले आणि कोयताधारी पकडणाऱ्या पोलिसांना रोख बक्षिसे जाहीर केली.

त्याचा परिणाम काय होतो? बक्षीस कोयत्यावर असले की नजर कोयत्यावर राहते आणि कोयता शोधायचा म्हटले की नाकाबंदी झोपडपट्टीच्या तोंडाशी लागते. सोसायटीच्या फाटकाशी ती लागत नाही.

हे सांगताना आम्ही कोयता चालवणाऱ्याची बाजू घेत नाही. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत एकतर्फी प्रेमातून एका तरुणीवर भररस्त्यात कोयत्याने हल्ला झाला. तिचा जीव वाचला तो स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी जिवावर उदार होऊन तो हात धरला म्हणून. कोयत्याची दहशत खरी आहे. तिचे पहिले बळीही वस्तीतलेच असतात: हप्ता देणारा टपरीवाला, फोडलेल्या गाड्यांचा मालक रिक्षावाला, संध्याकाळी क्लासहून परतणारी मुलगी. आपल्या पोराच्या हातातला कोयता बहुतेक वेळा आपल्याच माणसावर पडतो.

तरुणांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वाढदिवसाला तलवारीने केक कापला, तिचा रील टाकला, एवढ्यावरही शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हा दाखल होतो. शहरात पोलीस आयुक्तांचा शस्त्रबंदीचा आदेश असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१) आणि १३५ लागते. अठरा वर्षांखालील मुलाला बाल न्याय कायद्याचे संरक्षण आहे आणि त्या वयातल्या चुकीमुळे पुढची नोकरी अडू नये अशी तरतूदही आहे. अठरा पूर्ण झाले की ते संरक्षण संपते. पोलीस भरतीसाठी दोन वर्षे मैदान मारलेला मुलगा चारित्र्य पडताळणीत अडकतो तो कधीकधी पंधरा सेकंदांच्या व्हिडिओमुळे. टोळीचा ‘भाई’ मात्र वकील लावून सुटतो आणि निवडणुकीत कोणाच्या तरी बॅनरवर दिसतो.

पिस्तूल कोणाकडे असते

पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. ते महाग असते, ते मिळवायला ओळख लागते आणि ते वापरायला पाठीशी कोणी तरी लागतो. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी पोलिसांच्या नोंदीत वर्षानुवर्षे आहे. तिथे भट्टीवर ती घडवणारे हात गरीब शिकलीगरांचे आहेत. विकत घेणारे हात मात्र शहरातल्या जमीन, वाळू आणि खंडणीच्या धंद्यातले असतात.

१ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या नाना पेठेत एका माजी नगरसेवकाचा खून झाला. त्यात गोळ्याही झाडल्या आणि कोयतेही चालले. टोळीयुद्धात ही दोन्ही हत्यारे एकत्र येऊ लागल्याची ती ठळक खूण होती. पुढच्याच महिन्यात, १२ ऑक्टोबरला, मुंबईत वांद्र्याला माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत, एका आमदाराने परवान्याच्या पिस्तुलातून गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. म्हणजे परवाना असलेले पिस्तूलही सुरक्षित हातातच असते असे नाही.

परवान्याचे राजकारण बीडने उघडे पाडले. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अपहरण करून खून झाला, त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याची चर्चा सुरू झाली आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. त्या प्रकरणाची सुरुवात आपण विसरता कामा नये. पवनचक्की कंपनीच्या आवारात एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा सरपंच त्याच्या मदतीला धावून गेले. तीन दिवसांनी त्यांचा जीव गेला. हत्यार कोणते? आरोपपत्रात गॅसचा पाईप, लोखंडी गज, काठ्या अशी यादी आहे. परवान्याची पिस्तुले जिल्ह्यात मिरवत राहिली आणि माणूस मारला गेला तो पाईपने. पिस्तूल दहशत बसवते आणि त्या दहशतीच्या सावलीत पाईप चालतो.

पिस्तुलाचा आणखी एक वापर आपल्या चळवळीच्या जिव्हारी लागलेला आहे. नरेंद्र दाभोलकर (२० ऑगस्ट २०१३), गोविंद पानसरे (१६ फेब्रुवारी २०१५ रोजी हल्ला, चार दिवसांनी मृत्यू), एम. एम. कलबुर्गी (३० ऑगस्ट २०१५) आणि गौरी लंकेश (५ सप्टेंबर २०१७). चौघांवरही गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि बाकी तिघांना निर्दोष सोडले. चाप ओढणारे बोट सापडले, त्यामागचा मेंदू पुराव्यात सापडला नाही. विचाराचा खून करणारा हल्लेखोर मारल्या जाणाऱ्या माणसाला व्यक्तिशः ओळखतही नाही. वस्तीतल्या भांडणातल्या कोयत्यापेक्षा हा प्रकार मुळातच वेगळा आहे. दोन्हींना ‘वाढती गुन्हेगारी’ या एकाच पोत्यात कोंबणे चुकीचे आहे.

जमावाची काठी

जातीय अत्याचाराचे हत्यार पाहिले तर तिथे पिस्तूल क्वचित दिसते. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली ती काठ्या, कुऱ्हाडी आणि सायकलच्या साखळ्यांनी. अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून झाडाला लटकवले. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला अभिवादनासाठी निघालेल्या लोकांवर दगड पडले.

इथे हत्यार साधे असते, कारण ताकद हत्यारात नसून संख्येत असते. वीस माणसांच्या जमावाला पिस्तूल लागत नाही. गाव आपले, पोलीस पाटील आपला, साक्षीदार आपल्याच रानात मजुरीला येणारे, याची खात्री त्यांना असते. खर्ड्याच्या खटल्यात २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. साक्षीदाराला फिरवायला कोयता दाखवावा लागत नाही. ‘उद्यापासून रानात येऊ नको’ एवढे वाक्य पुरते. बहिष्कार हेही हत्यारच आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याने त्याला गुन्हा ठरवले आहे.

आणि खैरलांजी? तिथे सत्र न्यायालयाने आणि पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, हा सूड होता, असे म्हटले. हत्यार नोंदले गेले, पण त्यामागची जात नोंदली गेली नाही. हीच आपली जुनी जखम आहे.

आकड्यांतही हे दिसते. अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे गुन्हे २०२१ मध्ये ५०,९०० होते. २०२२ मध्ये ते ५७,५८२ झाले आणि २०२३ मध्ये ५७,७८९. याच २०२२ ते २०२३ या वर्षात देशातले खून २८,५२२ वरून २७,७२१ वर आले. एकूण खून कमी झाले, पण आपल्यावरचे अत्याचार कमी झाले नाहीत. जातीय हिंसेचा आलेख इतर गुन्ह्यांबरोबर आपोआप खाली येत नाही, एवढे तरी यातून दिसते.

घरात हत्यार लागत नाही

आता जरा स्वतःच्या घराकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते, म्हणजे चारातली एक. तिथले सर्वात सर्रास आढळणारे हत्यार म्हणजे हात. त्यानंतर पट्टा, लाटणे, ओढणी, उशी, रॉकेल, गॅसची शेगडी. २०२२ मध्ये स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले, त्यातले ३१.४ टक्के नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचे होते. हुंडाबळींची संख्या सहा हजारांच्या वर होती.

यातले एकही हत्यार नाकाबंदीत सापडणार नाही आणि कुठलाही आयुक्त त्यावर बक्षीस लावणार नाही. आपण बौद्ध आहोत, आपल्यात हुंडा नाही, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. विहारात पंचशील घेतो. पण दारूच्या नशेत घरी हात उचलणारा माणूस त्याच वंदनेत पुढच्या रांगेत बसलेला असतो, हे वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत असते. ज्या मुलाने लहानपणापासून घरात हाताचे हत्यार झालेले पाहिले, त्याच्या हातात पुढे कोयता आला तर आश्चर्य कसले? महिला मंडळांनी हा धागा फार आधी ओळखला आहे, पुरुष कार्यकर्ते अजून त्यावर बोलायला लाजतात.

वर्दीतले हत्यार

शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतून जी वगळलेली वस्तू नाव घेऊन सांगितली आहे, ती आहे लाठी. कायद्याने लाठीला शस्त्र मानलेले नाही. आपल्या इतिहासात तिने काय केले ते सांगायला नको.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा जण गेले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागले आणि मग आपल्या वस्त्यांत कोम्बिंग ऑपरेशन झाले. अटकेत असलेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात शरीरावर अनेक जखमा आढळल्या. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला. ज्यांनी गुन्हा नोंदवायचा त्यांच्याच हातात काठी असते, तेव्हा हत्याराची नोंद सात महिन्यांनी, तीही न्यायालयाच्या दारातून येते.

एफआयआरमध्ये हत्यार लिहून घ्या

अत्याचाराच्या घटनेनंतर सगळ्यात आधी पोहोचतात ते आपले कार्यकर्ते. निषेध, मोर्चा, निवेदन हे होतेच. पण खटला टिकतो की पडतो, हे पहिल्या दोन दिवसांतल्या कागदावर ठरते. म्हणून हत्याराबाबत काही गोष्टी आपण पाठ करायला हव्यात.

पहिली, फिर्यादीत प्रत्येक हत्यार आणि ते कोणाच्या हातात होते ते लिहिले गेले का, ते पाहा. ‘आरोपींनी मारहाण केली’ एवढ्यावर सही करू देऊ नका. काठी, दगड, गज, साखळी, पट्टा, जे असेल ते नावाने यायला हवे. नंतर न्यायालयात सांगितले तर बचावाचा वकील म्हणतो की हे मागाहून सुचले. हत्यार गायब झाले की साधी दुखापत उरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खालची साधी दुखापत अदखलपात्र आहे. घातक हत्याराने केलेली दुखापत कलम ११८ मध्ये जाते, ती दखलपात्र आहे. काठी किती लांब-जाड होती, मार डोक्यावर बसला की पायावर, यावरून ती घातक होती का ते ठरते. म्हणून हा तपशील लिहून घ्या.

दुसरी, वैद्यकीय दाखल्यात जखम धारदार वस्तूची आहे की कठीण-बोथट वस्तूची, ते फिर्यादीशी जुळते का पाहा. जखमी माणसाला घाबरून किंवा दडपणाखाली ‘पडलो’ असे डॉक्टरला सांगू देऊ नका.

तिसरी, जप्तीचा पंचनामा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. ते झाले का, पंच कोण होते, हत्यार जागेवरच सीलबंद झाले का, रासायनिक तपासणीला गेले का, हे लेखी अर्जाने विचारा.

चौथी, जमावाची कलमे. पाच किंवा अधिक माणसे असतील तर बेकायदेशीर जमाव, समान उद्देश आणि घातक हत्यारासह दंगा ही कलमे १८९ ते १९१ लागली का? जातीच्या कारणाने जमावाने खून केला असेल तर कलम १०३(२) आहे. ‘माझ्या हातात काही नव्हते’ म्हणून जमावातला माणूस आपोआप सुटत नाही. सोबत ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२)(व्ही) आणि ३(२)(व्हीए) लावले का आणि नियम ७ प्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, हे तपासा. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कलम १५ए चा अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या.

पाचवी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ सांगतो की अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे आणि त्यांच्या निकटवर्तीयांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यावेत. म्हणजे गावातली शस्त्रे जातीच्या उतरंडीप्रमाणे वाटली गेलेली आहेत, हे नियम करणाऱ्यांनी मान्य केले आहे. आपल्या जिल्ह्यात हा नियम कितीदा वापरला, किती परवाने रद्द झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. परवान्यांची मागणी करण्यापेक्षा समोरच्याचे परवाने रद्द करण्याची मागणी आम्हाला जास्त मोलाची वाटते.

कोणते शस्त्र हाती घ्यायचे

तरुण आम्हाला विचारतात: समोरचा तलवार घेऊन येत असेल तर आम्ही काय वंदना म्हणायची? आम्ही भीमा कोरेगावच्या शूरांचे वारस ना?

प्रश्न खरा आहे, त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात नेमके हेच विचारले होते: या देशात एवढा अन्याय होऊनही क्रांती का झाली नाही? त्यांचे उत्तर होते की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गाला निःशस्त्र केले. युरोपातल्या दुबळ्यांकडे लष्करी सेवा, राजकीय हक्क आणि शिक्षण ही तीन साधने होती. आपल्याकडे तिन्ही नाकारली गेली. बाबासाहेबांनी पुढे तिन्ही मिळवून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी बंद केलेली महारांची लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून ते झगडले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. मताचा हक्क संविधानाने दिला. शिक्षणासाठी त्यांनी महाविद्यालये काढली. त्यांच्या यादीत शिस्तीची, कायद्याने दिलेली बंदूक होती. गल्लीत दहशत बसवणारा कोयता नव्हता. कोरेगावचे सैनिकही शिस्तीतले शिपाई होते, एखाद्या भाईची टोळी नव्हते.

बुद्धानेही हत्याराचा प्रश्न टाळला नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात युद्ध पेटते, तेव्हा सिद्धार्थ संघात उभा राहून विरोध करतो. तो नुसते ‘लढू नका’ म्हणत नाही. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्यांनी पाचवा निवडावा आणि वाद मिटवावा, असा मार्ग तो सुचवतो. बहुमत विरोधात गेले तरी तो शस्त्र उचलत नाही, घर सोडतो. अंगुलीमालासमोर तो एकटा जातो, पण त्याचा शेवट धिंडीत होत नाही. अंगुलीमाल संघात येतो आणि राजा पसेनदीही ते मान्य करतो. सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे, म्हणजे हत्यार चालवणाऱ्याइतकाच ते पुरवणाराही जबाबदार आहे.

यातून वस्तीसाठी काही सरळ कामे निघतात. जयंतीच्या मिरवणुकीत आणि वाढदिवसात तलवार दिसली तर मंडळाने ती तिथेच खाली ठेवायला लावावी, पोलिसांची वाट पाहू नये. भांडण मिटवायला प्रत्येक विहारात पाच माणसांची समिती असावी आणि त्यात किमान दोन स्त्रिया असाव्यात. पहिल्यांदा पकडलेल्या मुलासाठी त्याच दिवशी वकील उभा राहावा आणि तो सुटून आल्यावर टोळीच्या आधी आपण त्याच्या दारात असावे. आणि त्याने ज्याच्यावर वार केला, त्या घरीही आपणच जावे, तो कुठल्याही जातीचा असो.

कोयत्यावर बक्षीस लावणाऱ्या व्यवस्थेला आपण जमावाची काठी, परवान्याचे पिस्तूल, घरातला हात आणि कोठडीतली लाठी दाखवत राहिलो पाहिजे. पण ते दाखवण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच राहील, जेव्हा आपल्या वस्तीतला कोयता आपण स्वतः खाली ठेवलेला असेल.

जय भीम. नमो बुद्धाय.